कार्बन सीमा समायोजन: ‘समायोजन’ हा शब्द आला कोठून?

आयात माल तयार करताना झालेल्या कार्बन उत्सर्जनाची किंमत युरोपीय संघ सीमेवर वसूल करतो, ती व्यवस्था म्हणजे कार्बन सीमा समायोजन. तिला सर्रास ‘कार्बन कर’ म्हटले जाते; परंतु तिची आजची रचना समजून घ्यायची तर ‘समायोजन’ हा शब्द नीट पाहावा लागतो. तो मूळचा व्यापारविषयक कायद्यातला आहे. देशी मालावर जेवढा अप्रत्यक्ष कर असेल तेवढाच आयात मालावर सीमेवर आकारण्याची मुभा 1947 च्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातच (‘गॅट’) होती. उत्पादकाच्या उत्पन्नावरील कर मात्र या मुभेत बसत नाही. 1970 मध्ये या कराराच्या एका कार्यगटाने ही विभागणी मांडली, पण उत्पादन करताना खर्च होणाऱ्या ऊर्जेवरील कराचे सीमेवर समायोजन करता येईल का, यावर त्याचे एकमत झाले नाही. भट्टीतून निघालेला वायू सिमेंटच्या पोत्यात सापडत नाही, आणि आजचा वाद त्याच न दिसणाऱ्या वायूचा आहे.

2005 मध्ये युरोपात उत्सर्जन व्यापार, म्हणजे उद्योगांनी उत्सर्जनासाठी परवाने बाळगण्याची आणि ते विकत घेण्या-विकण्याची योजना, सुरू झाल्यावर हा गुंता वाढला. परवान्याची किंमत बाजारात ठरते, मग तो कर मानायचा का? विमान वाहतुकीसंबंधीच्या 2011 च्या निकालात युरोपीय संघाच्या न्यायालयाने तो कर मानला नाही. तरीही इतर देशांच्या विरोधामुळे युरोपबाहेरून येणारी आणि बाहेर जाणारी उड्डाणे या योजनेतून बाजूला ठेवावी लागली. पुढे सीमेवरील रचना करताना थेट करही टाळला गेला, कारण करविषयक निर्णयाला सर्व सदस्य देशांची संमती लागते, तर पर्यावरणविषयक कायदा बहुमताने होतो. म्हणून आयातदाराने प्रमाणपत्रे घ्यायची, त्यांची किंमत लिलावातील परवान्यांच्या किमतीला जोडलेली राहील आणि मूळ देशात भरलेली कार्बन किंमत वजा होईल, अशी रचना 2021 च्या प्रस्तावात आली व 2023 मध्ये तिचा कायदा झाला.

समायोजन या शब्दाला अर्थ तेव्हाच राहतो, जेव्हा देशी उद्योग खरोखर किंमत मोजतो. उद्योग परदेशी निघून जातील, म्हणजेच ‘कार्बन गळती’ होईल, या भीतीने त्यांना वर्षानुवर्षे मोफत परवाने दिले गेले. ते कायम ठेवून आयातीवर पूर्ण आकारणी केली असती, तर ते उघड दुहेरी संरक्षण ठरले असते. त्यामुळे सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते आणि हायड्रोजन यांचे मोफत परवाने 2026 मध्ये 2.5 टक्क्यांनी, 2030 पर्यंत 48.5 टक्क्यांनी कमी होतात आणि 2034 मध्ये पूर्णपणे बंद होतात, आणि आयातीवरील आकारणी त्याच प्रमाणात वाढते. हा वेग फार संथ आहे. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधल्या गेल्या, हेच या कायद्याचे सर्वांत प्रामाणिक कलम आहे.

निर्यातीच्या बाबतीत मात्र शब्द अपुरा राहिला. जुन्या अर्थाने समायोजन म्हणजे निर्यातदाराला देशात भरलेल्या कराचा परतावाही. पण तो दिला तर अनुदानविरोधी नियमांचा भंग होण्याचा धोका होता. म्हणून 2023 च्या कायद्यात परताव्याची तरतूद नाही.