बोअरमधलं पाणी आणि जमिनीतलं पाणी

खानापूर भागातल्या काही घरांत हे नेहमी पाहायला मिळतं. बोअरचं पाणी घागरीत भरताना अगदी नितळ असतं आणि सकाळी तळाशी तांबूस साका बसलेला असतो. रात्रीत कुणी काही टाकलेलं नसतं. जमिनीखाली हवा पोचत नाही तिथं लोह पाण्यात विरघळून असतं, वर येऊन त्याला ऑक्सिजन मिळाला की त्याचा गंज होऊन खाली बसतो. म्हणजे पाणी वर आल्याच्या क्षणापासून बदलायला लागतं. भूजलाचा नमुना घेणाऱ्याची सगळी धडपड हा बदल रोखण्यासाठीच असते.

बेळगाव शहराच्या परिसरात वर जांभा, खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. तिथलं पाणी कसं आहे हे कळावं म्हणून निरीक्षण विहिरी असतात. बऱ्याचदा ती साधी बोअरच असते, शेताच्या बांधाला, झाकण लावलेली. अशा बोअरमध्ये महिनोन्महिने साचून राहिलेलं पाणी म्हणजे जमिनीतलं पाणी नव्हे. त्याला वरून हवा लागलेली असते, केसिंगचा, म्हणजे बोअरच्या आतल्या लोखंडी पाईपचा, गंज उतरलेला असतो. नमुन्याआधी ते शिळं पाणी उपसून टाकावं लागतं.

ते किती आहे हे कळायला पहिलं काम पातळी मोजण्याचं. टेपच्या टोकाचा सेन्सर पाण्याला टेकला की वर बझर वाजतो. उपसा सुरू करण्याआधीच हे मोजायचं, कारण नंतर पातळी खाली जाते. मग हिशेब. साडेसहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण 21 लिटर पाणी असतं. तळ 45 मीटरवर आणि पाणी 12 मीटरवर असेल तर 33 मीटरचा स्तंभ, म्हणजे जवळपास 700 लिटर. रूढ पद्धतीत याच्या किमान तिप्पट उपसा करतात, म्हणजे 2100 लिटर.

येळ्ळूरच्या शिवारात एक काका हे बघत उभे होते. "एवढं पाणी वाया घालवायलाय की तुम्ही!" उन्हाळ्याचे दिवस, त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही पाईप त्यांच्या भाजीच्या वाफ्यात वळवला. हल्ली दुसरी पद्धतही वापरतात: जिथून पाणी बोअरमध्ये शिरतं त्या जाळीच्या पाईपसमोर लहान पंप सोडून मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी वेगानं पाणी काढायचं, म्हणजे वरचं शिळं पाणी ढवळलं जात नाही. मला ती जास्त पटते. पाणीही वाचतं आणि गाळही उठत नाही.

दोन्ही पद्धतींत थांबायचं कधी, हे मीटरच सांगतो. दर काही मिनिटांनी तापमान, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते), विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) टिपत राहायचं. सलग तीन नोंदींत पीएच 0.1 च्या आत आणि वाहकता 3 टक्क्यांच्या आत राहिली की समजावं, आता ताजं पाणी येतंय. पीएच जागेवरच मोजावा लागतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की तो वाढतो. प्रयोगशाळेत मोजलेला आकडा त्या बाटलीचा असतो, विहिरीचा नव्हे.

सुरुवातीच्या काळातली माझी एक चूक अजून सलते. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, पीएच 2 च्या खाली नेतात, म्हणजे विरघळलेले धातू खाली बसत नाहीत. मी घाईत गढूळ तांबडं पाणी न गाळताच आम्ल घातलं. जांभ्याच्या मातीचे कणच लोहाचे. आम्लानं त्यातलं लोह पाण्यात उतरवलं आणि अहवालात आकडा भलताच चढला. शेजारच्या बोअरचं पाणी पिणारी घरं घाबरली. पुढच्या खेपेला पुरेसा उपसा केला, 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून विहिरीवरच गाळून मग आम्लाचे थेंब सोडले, तेव्हा आकडा जागेवर आला. घरी नेऊन गाळलं असतं तरी चुकलंच असतं, कारण तोवर खरं विरघळलेलं लोह गंज होऊन फिल्टरवर अडकलं असतं.

बाटल्यांचीही तऱ्हा वेगवेगळी. पेट्रोल पंपाजवळच्या विहिरीचा नमुना 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत काठोकाठ भरायचा, टोपण लावून कुपी उलटी करून टिचकी मारायची. मण्याएवढा बुडबुडा दिसला तर पुन्हा भरायचा, कारण उडून जाणारी द्रव्यं त्या हवेत जातात. जंतूंच्या बाटलीचं उलटं: निर्जंतुक, आतून बोट न लावलेली, आणि हलवता यावं म्हणून वर थोडी जागा ठेवलेली. ती 24 तासांच्या आत तपासायला हवी.

उसाच्या पट्ट्यात, रायबाग–अथणीकडे, नायट्रेटची विचारणा जास्त होते. उसाला घातलेला युरिया पाण्याबरोबर मुरतो, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. गरम गाडीत पडलेल्या बाटलीतले जीवाणू नायट्रेटचं प्रमाण बदलून टाकतात, म्हणून भरल्या भरल्या बर्फाच्या पेटीत, 4 अंशांच्या आसपास. बर्फ वितळला तरी लेबल पुसू नये म्हणून न पुसणाऱ्या शाईनं विहिरीचा क्रमांक, तारीख, वेळ लिहायची. फिरायचं ते स्वच्छ विहिरीपासून संशयित विहिरीकडे, दर वेळी हातमोजे बदलून. आणि एक बाटली शुद्ध पाण्याची, शेतावरच उघडून भरलेली, सोबत पाठवायची. तिच्यात काही सापडलं तर ते आमच्या हातांनी किंवा गाडीच्या धुरानं आलेलं असतं.