टिन व्हिसल आणि आयरिश फ्लूट: बोटं तीच, तोंड वेगळं

आयरिश संगीताच्या नादी लागलेला माणूस वाद्य घ्यायला निघाला की त्याला एक सल्ला हमखास मिळतो: ‘आधी टिन व्हिसल घे, हात बसला की फ्लूट.’ सल्ला निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्यापायी माझे काही महिने गेले, म्हणून हा प्रपंच.

व्हिसल म्हणजे वीतभरापेक्षा थोडी लांब, सरळ धरायची पत्र्याची किंवा पितळेची नळी. जत्रेत टोकाला खुट्टी ठोकलेली बासरी मिळते ना, तत्त्व तेच. फुंक एका ठरलेल्या चिरेतून जाते, पुढच्या धारेवर आपटते आणि सूर निघतो. लहान मूलही पहिल्या मिनिटाला वाजवतं. फ्लूट आपल्या बासरीसारखी आडवी, पण लाकडी, दोन-तीन तुकड्यांत जोडायची आणि आतली पोकळी टोकाकडे निमुळती होत गेलेली. तिच्यात फुंक कुठे आणि किती कोनात मारायची हे ओठांनीच ठरवायचं. पहिले काही दिवस नुसती हवा ऐकू येते.

दोघांना सहा भोकं, दोन्ही बहुधा डी सुराची. सगळी भोकं बंद केली की डी, मग खालून एकेक बोट उचलत गेलं की ई, एफ शार्प, जी, ए, बी, सी शार्प. म्हणजे खालचा डी सा धरला तर सरळ बिलावल. फरक सप्तकाचा: व्हिसल फ्लूटपेक्षा एक सप्तक वर वाजते. बोटं मात्र एका वाद्यावरून दुसऱ्यावर जशीच्या तशी जातात. सल्ल्याचा खरा अर्धा भाग हा.

बासरी वाजवणाऱ्यांची इथे एक गंमत होते. आपला सा वरची तीन भोकं बंद करून येतो. डी फ्लूटवर तीच तीन बंद केली की जी मिळतो आणि सहाही बंद केली की खालचा पंचम. आयरिश गतींमध्ये, म्हणजे धुनांमध्ये, डीखालोखाल जीचाच वावर, त्यामुळे अर्ध्या गती हाताला ओळखीच्या वाटतात. मध्यमापाशी मात्र ठेच लागते. सगळी भोकं उघडी ठेवली की सी शार्प, म्हणजे आपला तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी आपण भोक अर्धं झाकतो. तिकडे वरचं पहिलं उघडं ठेवून त्याखालची दोन बंद करतात. जलद गतीत अर्ध्या भोकाचा नाद धरलात तर हात मागेच राहतो. ही सवय मोडायला मला डी सुराच्या सगळ्या गतींपेक्षा जास्त वेळ लागला.

आता तोंड. व्हिसलची चीर कारखान्यातच ठरलेली असल्यामुळे ओठांना काम नाही, पण सवलतही नाही. जोर वाढवला की सूर चढतो, कमी केला की उतरतो. लहान-मोठा आवाज जवळजवळ करताच येत नाही. नवखा माणूस घाबरून जोरात फुंकतो आणि घरच्यांचे कान किटतात. वरच्या सप्तकासाठी फुंकेचा रेटा थोडा वाढवावा लागतो, तेवढंच. फ्लूटवर वर जायचं तर जास्त हवा नको, ओठांची फट लहान आणि हवा वेगवान हवी. व्हिसलवर दोन वर्षं घालवलेल्या माणसाकडे हे अजिबात नसतं. उलट ‘जोर लावला की वर जातं’ हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. मला विचाराल तर, फ्लूटचाच आवाज मनात बसला असेल तर फ्लूटनेच सुरुवात करा. व्हिसल खिशात राहू द्या, नवी गत पाठ करायला तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

अलंकरण दोघांचं एकच, आणि आयरिशपणा तिथेच आहे. ‘कट’ म्हणजे वरचं एक बोट क्षणभर उचलून टाकणं, ‘टॅप’ म्हणजे खालच्या बोटाने भोकावर टिचकीसारखा आघात. एक सूर, त्यावर कट, मग टॅप, असं मिळून ‘रोल’ होतो. हे सूर म्हणून ऐकू यायला नकोत. कट कणस्वरासारखा ऐकू आला की तो फसला. त्याचं काम तबल्यावरच्या थापेचं आहे, एका सुराचे दोन तुकडे पाडायचं. सहा मात्रांची जिग ही नाचाची गत आपल्याला दादऱ्यासारखी वाटते, पण वजन कुठे पडतं हे कटनेच कळतं. मींड मनातून काढून टाकायची नाही, फक्त सुरुवातीला कुलपात ठेवायची.

श्वासाचंही निराळंच आहे. नाचाच्या गतीत विश्रांती नसतेच, म्हणून फ्लूटवाले एखादा सूर चक्क गाळतात आणि तिथे श्वास घेतात. कुठला गाळला यावरून वादकाची शैली ओळखता येते. आयर्लंडमधले स्लायगो, रॉसकॉमन, लीट्रिम हे परगणे म्हणजे फ्लूटचा मुलूख. तिथल्या वादनात हा श्वास ठेक्याचाच भाग बनतो. रॉसकॉमनच्या मॅट मलॉयला ऐका, म्हणजे कळेल. व्हिसलसाठी मेरी बर्गिन आणि क्लेअरमधल्या डूलिनचा मिको रसेल: एकीच्या हातात पाऱ्यासारखी चपळाई, दुसऱ्याचा साधेपणा असा, की हे आपल्यालाही जमेल असं वाटावं. जमत नाही.

गंमत अशी की ‘आयरिश’ म्हणवणारी ही दोन्ही वाद्यं इंग्लंडमधून आली. टिन व्हिसलचा कारखानदार रॉबर्ट क्लार्क सफोकचा. १८४३ मध्ये त्याने पत्र्याची व्हिसल बनवायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टरकडे गेला. फ्लूट लंडनच्या रुडॉल अँड रोझसारख्या कारागिरांची. जर्मन वादक-कारागीर थिओबाल्ड बोमने १८३२ मध्ये आणि पुन्हा १८४७ मध्ये नव्या घडणीची फ्लूट काढली, वाद्यवृंदातले लोक हळूहळू तिकडे वळले आणि जुनी लाकडी वाद्यं स्वस्तात विकली जाऊ लागली. ती खेड्यापाड्यांतल्या वादकांच्या हाती पडली. म्हणून आज दुकानात नुसतं ‘फ्लूट’ मागितलंत तर चाव्यांची, म्हणजे भोकं झाकणाऱ्या धातूच्या झडपांची, चंदेरी बोम फ्लूट मिळेल. तिच्यावर आयरिश संगीत वाजत नाही असं नाही, जोनी मॅडन वाजवते; पण बोटांची मांडणी वेगळी, आणि वर सांगितलेला कट-टॅपचा सगळा जम नव्याने बसवावा लागतो.

खर्चात तुलनाच नाही. साधी व्हिसल दहा-पंधरा युरोंत येते. फ्लूट चाव्या नसलेली घ्यावी, सुरुवातीला लागतच नाहीत. तीही काही शे युरोंची, आणि नामांकित कारागिरांकडे लांबलचक प्रतीक्षायादी. ऑनलाइन मिळणाऱ्या, चकचकीत चाव्या लावलेल्या अतिस्वस्त लाकडी फ्लूट भिंतीवर टांगायच्या. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा पाहता लाकडाला तडा जाण्याची धास्ती असते, म्हणून मी डेलरिनची घ्या म्हणेन. हे कणखर प्लास्टिक असतं, तेल पाजावं लागत नाही. व्हिसलची कुरकुर एवढीच, की थंडीत चिरेत ओल साचून आवाज घोगरा होतो. चिरेपुढच्या उघड्या खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंकलं की चीर मोकळी होते.

मैफलीत, म्हणजे पबमधल्या सेशनमध्ये, बसायचं ठरवलं तर एक ध्यानात असू द्या: उंच सुरांची व्हिसल सगळ्यांच्या डोक्यावरून ऐकू येते, नवशिक्याची चूकही. फ्लूटवाल्याची चूक गर्दीत विरते.

आणि या दोघींच्या मधोमध तिसरी एक आहे, जिच्यामुळे रेकॉर्ड ऐकताना भले भले फसतात: लो व्हिसल. सरळ धरायची, व्हिसलसारखीच, पण फ्लूटच्या सप्तकातली. नळी लांब, भोकं दूरदूर, बोटांच्या पेरांनी झाकावी लागतात. आवाज खोल आणि धुरकट. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आयरिश वादक फिनबार फ्युरीची आवडती बांबूची व्हिसल मोडली. इंग्लंडमधला कारागीर बर्नार्ड ओव्हर्टन याला ती दुरुस्त करता येईना, म्हणून त्याने अॅल्युमिनियमची नवी बनवून दिली. मोडलेली ती बांबूची व्हिसल भारतातली होती.