पोर्तुगालमध्ये लोकशाही एका दिवसात आली नाही
२५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली गेली आणि रक्ताचा थेंबही न सांडता हुकूमशाही संपली, असं आजही सांगितलं जातं. हे खरं नाही. त्याच दिवशी गुप्त पोलिसांनी मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या. चौघे ठार झाले. त्यांना विसरणं अन्यायाचं आहे. लोकशाहीलाही वेळ लागला. निवडणूक वर्षभराने झाली, ९० टक्क्यांहून जास्त मतदान झालं. १९७५मध्येच मार्च आणि नोव्हेंबरमधले उठाव फसले. १९७६ला राज्यघटना आली, तरी लष्करी अधिकाऱ्यांची क्रांती परिषद कायदे अडवू शकत होती; ती १९८२च्या घटनादुरुस्तीने गेली. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मात्र नव्या राजवटीने १९७४ सरता सरताच मान्य केलं.