कंपन्यांची पर्यावरणीय व सामाजिक कामगिरी : संस्थांतर्गत घटक

कंपनीच्या कारभाराचा निसर्गावर, कामगारांवर आणि परिसरातील लोकांवर प्रत्यक्ष होणारा परिणाम म्हणजे तिची पर्यावरणीय व सामाजिक कामगिरी. एकाच कायद्याखाली, एकाच धंद्यात असलेल्या कंपन्यांच्या कामगिरीतही मोठी तफावत दिसते. तिचे कारण बरेचदा कंपनीच्या आतल्या रचनेत सापडते. व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकी अभ्यासक आर्ची कॅरोल (१९७९) यांनी या विषयाची चौकट मांडली. त्याच क्षेत्रातील अभ्यासक डोना वुड (१९९१) यांनी तत्त्वे, प्रक्रिया आणि परिणाम वेगवेगळे पाहण्यावर भर दिला.

सर्वांत प्रभावी घटक म्हणजे बोनस आणि बढतीचे निकष. व्यवस्थापकाचे मूल्यमापन केवळ उत्पादन आणि खर्चकपात यांवर होत असेल, तर सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेची दुरुस्ती पुढे ढकलली जाते, धोरणपत्रात काहीही लिहिलेले असो. पर्यावरण किंवा सुरक्षा अधिकाऱ्याला उत्पादन थांबवण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो.

काय मोजले जाते, यालाही तितकेच महत्त्व आहे. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात मार्च २००५ मध्ये स्फोट होऊन १५ कामगार मृत्युमुखी पडले. व्यक्तिगत इजांचे प्रमाण कमी म्हणून कारखाना सुरक्षित मानला जात होता. यंत्रणा आणि प्रक्रियेतील धोके त्या आकड्यांत दिसतच नव्हते. खर्चकपातीचा दबावही चौकशीत पुढे आला. वाईट बातमी वरपर्यंत न पोहोचणे हा अशा संस्थांचा सर्वांत घातक दोष होय.

याउलट, १९८७ मध्ये अल्कोआ या अमेरिकी ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे हाती घेताना पॉल ओनील यांनी कामगारांच्या सुरक्षेला पहिले स्थान दिले. थ्रीएम या अमेरिकी उत्पादक कंपनीने १९७५ पासून प्रदूषण उगमापाशीच टाळण्याच्या सूचना कर्मचाऱ्यांकडून घेतल्या. यंत्राजवळ काम करणाऱ्याचे ज्ञान तिथे उपयोगी पडले.

पुरवठा साखळीत खरेदी विभागाची भूमिका बहुधा दुर्लक्षित राहते. एकीकडे पुरवठादारांना आचारसंहिता पाठवायची आणि दुसरीकडे भाव पाडून मुदत घटवायची, असे झाल्यास भार कामगारांवर येतो. बांगलादेशातील राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत २०१३ मध्ये कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. तिथल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी (कामगारांच्या परिस्थितीची पाहणी) आधी झालेली होती; इमारतीची मजबुती मात्र त्या तपासणीच्या कक्षेत नव्हती.

आयएसओ १४००१ (१९९६) या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकासारखी प्रमाणपत्रेही, ती काय तपासतात आणि काय नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचावीत. हे मानक व्यवस्थापन पद्धतीची अट घालते, प्रदूषणाची कमाल मर्यादा ठरवून देत नाही.