लाल मिलो: रेशनवरची परकी ज्वारी

१९७२च्या दुष्काळाच्या आठवणी निघाल्या की सुकडीपाठोपाठ मिलोचे नाव येतेच. लाल, टणक दाणा, पिठाला विरी नाही, थापताना कडा चिरतात, ही गाऱ्हाणी ठरलेली. मिलो ही मुळात ज्वारीच. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपली मालदांडी ज्वारी आणि ती एकाच जातीची. फरक इतकाच की अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांचा आणि कोंबड्यांचा खुराक म्हणून पिकते. ही गोष्ट कळल्यावर रेशनच्या रांगेत काय बोलले गेले असेल, ते सांगायला नको.

या मिलोला सर्रास ‘पीएल ४८०चे धान्य’ म्हणतात आणि गोंधळ इथेच सुरू होतो. पीएल ४८० म्हणजे ‘पब्लिक लॉ ४८०’, जादा धान्य परदेशांना सवलतीत देण्याचा अमेरिकेचा १९५४चा कायदा. त्याखाली भारताशी करार झाला १९५६ साली आणि धान्याची किंमत रुपयांत फेडायची सोय झाली. १९६५-६६च्या अवर्षणात ही आवक शिगेला पोचली; मिलो आली ती गव्हासोबत याच लाटेत. मात्र सवलतीची ही धान्यखरेदी १९७१ अखेर थांबली होती. त्यानंतरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेले धान्य मुख्यतः रोखीने विकत घेतलेले होते. म्हणजे ज्याला लोक आजही ‘भिकेचे धान्य’ म्हणतात, त्यातल्या बऱ्याच पोत्यांचे पैसे आपण मोजले होते. तरी नाव चिकटले ते चिकटलेच.

लोकांना सवय नव्हती, हे तेव्हाचे सरकारी स्पष्टीकरण मला पटत नाही. आयात गहूही लालच होता. कुरकुर झाली, पण तो खपला. गावाकडे पोळी सणासुदीची, तिला मोजायला रोजचे माप नव्हते. ज्वारीचे माप मात्र प्रत्येक बाईच्या हातात होते. मिलो नाकारली गेली ती ओळखीची होती म्हणूनच.

संशोधकांचा भर तोवर उताऱ्यावर, म्हणजे एकरी पिकावर, होता. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या पहिल्या संकरित ज्वारीची मादी, म्हणजे संकरातले मातृवाण, अमेरिकन. उतारा वाढला, पण खरिपात पावसात सापडलेला दाणा काळा पडे आणि भाव पडे. सत्तरच्या दशकात मग भाकरीची चव, रंग, पीठ मळण्याचा गुण आणि भाकरी किती वेळ मऊ राहते, हे प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले. लाल म्हणजे टॅनिनयुक्त, तुरट, हा समजही तपासात पुरता टिकला नाही. लाली दाण्याच्या सालीत असते, तर टॅनिन सालीखालच्या थरात, आणि तो थर प्रत्येक लाल दाण्यात नसतो.

२०२३च्या भरडधान्य वर्षापासून रंगीत ज्वारीतल्या याच घटकांचे गुण पाकिटांवर छापून येतात. बाजारात मात्र गिऱ्हाईक ज्वारी ओंजळीत घेऊन आधी पाहते तो मोत्यासारखा पांढरा रंग.