ग्रीन बीन कॅसरोल (चीज घालून)

ग्रीन बीन कॅसरोल म्हणजे फरसबी, अळंबी आणि दुधाचा दाट सॉस एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेला, वर तळलेला कांदा पसरलेला अमेरिकी पदार्थ. आपल्याकडे कॅसरोल म्हटले की पोळ्या गरम ठेवण्याचा डबा आठवतो. मूळ अर्थ मात्र ओव्हनमध्ये चालणारे पसरट, खोलगट भांडे असा आहे आणि त्यात भाजलेल्या पदार्थालाही तेच नाव पडले. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टर्कीसोबत हा पदार्थ असतो. अमेरिकेतल्या शाकाहारी मराठी पाहुण्यालाही त्या टेबलावर तो बहुधा चालतो. सॉससाठी डबाबंद सूप वापरले असेल तर त्याचे घटक वाचलेले बरे.

हा पदार्थ 1955 साली न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे, कॅम्पबेल सूप कंपनीच्या प्रयोग-स्वयंपाकघरात डॉर्कस रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. फरसबी आणि 1934 पासून विकले जाणारे अळंबीचे डबाबंद सूप या घरोघरी सापडणाऱ्या जिनसांतून झटपट काहीतरी व्हावे, एवढाच हेतू होता. मूळ कृतीत सूप, दूध, सोया सॉस, मिरपूड, फरसबी आणि तळलेला कांदा आहे, चीज नाही. रायली यांचे 2018 मध्ये वयाच्या 92व्या वर्षी निधन झाले.

डब्याऐवजी सगळे घरी केले, तर चव कितीतरी उजवी होते. अर्धा किलो कोवळ्या फरसबीच्या शिरा काढून बोटभर तुकडे करावेत आणि मीठ घातलेल्या खळखळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे उकडून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत. उष्णतेत जास्त वेळ राहिल्यास शेंगांतील आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग मळकट होतो. नंतर त्या निथळून फडक्यावर कोरड्या कराव्यात. ही पायरी टाळू नये. पदार्थ पाणचट होण्याचे नेहमीचे कारण ओल्या शेंगाच असतात.

पाव किलो अळंबी लोण्यावर, सुटलेले पाणी आटेपर्यंत परतावी. तीन चमचे लोण्यात तेवढाच मैदा कच्चा वास जाईपर्यंत परतून त्यात सुमारे 400 मिलिलिटर दूध थोडेथोडे घालत, गुठळ्या मोडत ढवळावे. मैद्यातील स्टार्च फुगून सॉस दाटतो आणि चीजमधली चरबी वेगळी होऊ देत नाही. भांडे आचेवरून उतरवल्यावरच दीडशे ग्रॅम किसलेले चेडर चीज मिसळावे. उकळत्या सॉसमध्ये चीजमधील प्रथिने आकसतात, तूप सुटते आणि सॉस रवाळ होतो. किसही घरीच करावा. तयार किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो आणि तो तितका एकजीव वितळत नाही. चेडर खारट असते, म्हणून मीठ चाखूनच घालावे. मिरपूड आणि चिमूटभर जायफळ शोभते.

सगळे एकत्र करून 190 अंश सेल्सियसवर कडेने बुडबुडे येईपर्यंत, साधारण 25 मिनिटे भाजावे. कांदा पातळ उभा चिरून, मैद्यात घोळवून कुरकुरीत तळावा, पण तो शेवटच्या पाच मिनिटांतच वर पसरावा. आधी घातला तर सॉसची वाफ लागून मऊ पडतो. ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटे थांबून वाढावे; तोवर सॉस आळून येतो.