सर्पदंशाचा उपचार : घोड्याच्या रक्तापासून काचेच्या नळीपर्यंत

शिराळ्याचं नाव नागामुळे सगळीकडे झालं, पण वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात डॉक्टरांची खरी दमछाक करते ती घोणस. पाचटात उंदीर, उंदरांमागे साप आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर दारं धरायला गेलेल्याच्या हातात जेमतेम एक बॅटरी. पूर्वेला जत-आटपाडीच्या माळावर फुरसं, घरात जमिनीवर झोपणाऱ्याला मण्यार. भारतात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालते.

सापाच्या विषावरची लस मुळात 1890च्या दशकातली. मिरजेत वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल 1894 मध्ये उभं राहिलं. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष, म्हणजे विष निकामी करणारा रस, काढत होते. एकच रस सगळ्या सापांवर चालेल, अशी त्यांची समजूत. पुढे भारतात जॉर्ज लॅम्ब यांनी दाखवून दिलं की नागाच्या विषावरचा रस घोणसच्या विषापुढे निष्प्रभ आहे. म्हणून आजही चारही सापांचं विष वापरून एकच बहुगुणी लस बनवतात. साप ओळखायच्या भानगडीत पडावं लागत नाही, मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणायचीही गरज नाही.

लस आली तरी किती द्यायची, याचा हिशेब बराच काळ अंदाजपंचेच होता. कुणी 2 कुप्या देई, कुणी 50. राष्ट्रीय उपचारपद्धतीने त्याला गणिताचा आधार दिला. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅम विष सोडते. 1 मिली लस तिचं 0.6 मिलिग्रॅम विष निकामी करते, म्हणजे 10 मिलीची एक कुपी 6 मिलिग्रॅम. म्हणून विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवात 10 कुप्यांनी, सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच. साप काही मूल बघून विष कमी सोडत नाही. मुलाच्या वजनानुसार कमी करायचं ते फक्त सलाईनचं प्रमाण.

पण लस सुरू करायची की नाही, हे ठरवणारं साधन मात्र प्रयोगशाळेबाहेरचं आहे. डेव्हिड वॉरेल आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात नायजेरियात फुरशाच्या जातीच्या सापांचे रुग्ण तपासताना ते रुळवलं. नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत शिरेतलं 2 मिली रक्त घ्यायचं, नळी 20 मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे. ना वीज लागते, ना यंत्र.

इतकं सोपं असूनही चुकतं ते नळीपाशी. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते. साबणाच्या पाण्याने धुतलेली नळीही चालत नाही. तीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि ज्याला गरज नाही त्याला लस टोचली जाते. काही जण पाचव्या मिनिटालाच नळी तिरकी करून बघतात, त्यानेही निकाल बिघडतो. पहिल्यांदा रक्त गोठलं तरी रुग्णाला घरी पाठवायचं नाही. पहिले 3 तास दर अर्ध्या तासाने आणि नंतर तासाने चाचणी परत करायची. लस दिल्यावर मात्र 6 तास थांबायचं. गोठवणारे घटक नव्याने बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो. त्याआधी आणखी लस देणं वाया.

पातळ लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. लोडशेडिंगच्या गावात हे कसं जमणार? म्हणून भुकटीच्या कुप्या आल्या, त्या फ्रीजशिवाय टिकतात. त्यात 10 मिली निर्जंतुक पाणी घालून कुपी तळहातांत हलकेच फिरवायची. घाईने खळखळून हलवली की फेस होतो आणि औषध वाया जातं.

घोड्याचं प्रथिन म्हटल्यावर रिअ‍ॅक्शन आलीच. पूर्वी आधी त्वचेत टेस्ट डोस देत. त्यावरून पुढचं काही कळत नाही हे स्पष्ट झाल्यावर तो बाद झाला. 2011 मध्ये श्रीलंकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं की लसीआधी त्वचेखाली 0.25 मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलीन दिल्याने गंभीर रिअ‍ॅक्शन कमी होतात. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा तसा उपयोग दिसला नाही. रिअ‍ॅक्शन आलीच तर लस थांबवून मोठ्या माणसाला मांडीत 0.5 मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलीन. सिरिंज भरून उशाशी ठेवलेली बरी, कपाट उघडायला तेव्हा वेळ नसतो.

मण्यारीची गोष्ट वेगळी. पान लागलंय, म्हणजे साप चावलाय, हेच कित्येकदा कळत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. इथे लसीइतकाच श्वास महत्त्वाचा. 1950च्या दशकात डेन्मार्कमध्ये तयार झालेली अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी, इथे माणूस वाचवते: दर 5-6 सेकंदांनी एकदा दाबायची, मिरजेच्या किंवा कराडच्या व्हेंटिलेटरपर्यंत हात न थांबवता. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर बोलावता येणारी रुग्णवाहिका असल्याने हे रस्त्यात करणं शक्य झालं. दंशावर करकचून बांधलेली दोरी मात्र वाटेत कापू नये. डॉक्टर समोर असताना सोडावी.

उरलेली अडचण लसीतच आहे. लसीसाठीचं विष बहुतांशी चेन्नईजवळच्या, साप पकडणाऱ्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासांतून दिसलं आहे. पाटण-चांदोलीच्या जंगलातल्या हिरवा चापडा या विषारी सापावर तर ही लस मुळातच बनलेली नाही. तिथे कुप्या फोडून उपयोग नाही. सूज मोजत राहायची, वेदना कमी करायच्या, आणि नळीतल्या रक्तावर नजर ठेवायची.